शेवट असलेला खेळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या मुख्य रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. पहाडावरच्या पोरांच्या फोनमध्ये काय भरलंय ते काउंटरच्या या बाजूने मला दिसतं. त्यांच्या मास्तरांना आणि आईबापांना बहुधा दिसत नाही. म्हणून लिहायला बसलो. हल्ली पालकसभेत, ग्रामसभेत, अगदी सप्ताहाच्या कीर्तनातसुद्धा एकच सूर असतो : मोबाइलवरचे गेम बंद करा, पोरं वाया चालली. मला हा ठराव अर्धा पटतो. 'गेम' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातीचा माल विकला जातो. एका मालाला शेवट असतो. दुसऱ्याला शेवट असता तर विकणाऱ्याचं दिवाळं निघालं असतं.

आधी दुसऱ्या जातीचं सांगतो, कारण माझ्याकडे तेच जास्त येतं. शेणगाव, पाटण, टेकामांडवा, कुंभेझरीकडची पोरं येतात आणि 'डायमंड' मागतात. डायमंड म्हणजे गोळीबाराच्या खेळातलं चलन. त्यातून बंदुकीला नवा रंग मिळतो, गड्याला नवा कोट मिळतो. खेळायला खेळ फुकट. दर दोन-तीन महिन्यांनी नवा 'सीझन' येतो, कमावलेली रँक खाली घसरते आणि पहिल्यापासून चढाई सुरू. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. हे सगळं पोराने खेळ सोडू नये म्हणून मुद्दाम बसवलेलं असतं. कापसाचे पैसे खात्यावर आले की पंधरा दिवसांनी एखादा बाप फोन घेऊन येतो आणि म्हणतो, "भाऊ, पैसे कुठं गेले बघा बरं जरा." मी बघतो. पैसे कुठे गेले ते पोराला आधीच माहीत असतं, ते बाहेर मोटारसायकलला टेकून उभं असतं.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले. चांगलं केलं. पण डायमंडमध्ये जिंकायचे पैसे नसतात, फक्त जायचे असतात, त्यामुळे ते काही त्या कायद्याच्या चिमट्यात सापडत नाहीत.

आता पहिल्या जातीचं. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने जुन्या बाजारातून एक करड्या रंगाची विटेएवढी जड वस्तू आणून माझ्या टेबलावर ठेवली. "मामा, चालू करून दाखवा." तो निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय होता, 1989 साली जपानमध्ये निघालेला. पडदा हिरवट, रंग नाही, मागून उजेड नाही. चार पेन्सिल सेल घाला, डझनभर तासांच्या वर चालतो. खोललं तेव्हा आत इतका साधा संसार की मला माझे रेडिओचे दिवस आठवले.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं तो गुनपेई योकोई 1965 साली निन्टेन्डोत लागला तो यंत्रं दुरुस्त करायला. कंपनी तेव्हा क्योतोत पत्ते बनवायची, आणि पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल हे त्याचं काम. आमच्याच धंद्यातला माणूस! त्याचं म्हणणं असं की नवीन, महाग तंत्राच्या मागे धावू नका. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात, ते नव्या ठिकाणी वापरा. त्याच्या स्पर्धकांनी रंगीत पडद्याची यंत्रं काढली. त्यातलं सेगाचं सहा सेल खायचं आणि चार-पाच तासांत मान टाकायचं. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून सुमारे 11 कोटी 87 लाख नग खपले. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथल्या माणसाला यातलं शहाणपण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या यंत्राबरोबर एकच कॅसेट आली होती : 'द लेजेंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग', 1993 ची. कॅसेटच्या पोटात एक बटण सेल असतो. खेळणारा कुठवर पोहोचला हे तो लक्षात ठेवतो. सेल मेलेला होता. नवा सेल सोल्डर करून बसवला आणि खेळ सुरू झाला. अख्खा खेळ अर्ध्या एमबीचा. आज फोनने काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो.

गोष्ट अशी. लिंक नावाचा पोरगा होडीतून येत असताना वादळात सापडतो आणि कोहोलिंत नावाच्या बेटावर वाहून येतो. मॅरिन नावाची मुलगी त्याला किनाऱ्यावरून घरी आणते. त्याच्याजवळ काहीच नसतं. ढाल तिच्या घरी मिळते, तलवार किनाऱ्यावर सापडते. डोंगराच्या माथ्यावर एक मोठं अंडं आहे आणि त्यात वाऱ्याचा मासा झोपलाय. त्याला जागं केल्याशिवाय बेटावरून सुटका नाही. जागं करायला आठ वाद्यं लागतात, आणि प्रत्येक वाद्य एकेका भुयारात, राक्षसाच्या ताब्यात. बेटाचा नकाशा म्हणजे सोळा गुणिले सोळा चौकोन, सगळे काळे. ज्या चौकोनात पाय ठेवाल तेवढाच उजळतो. चालल्याशिवाय काही दिसत नाही.

मला आवडला तो त्यातला बाजार. एक बाहुली द्या, बाळाची आई रिबीन देते. रिबीन द्या, एक छोटी कुत्री आपला खाऊ देते. तो डबा एका मगरीला द्या, ती केळी देते. केळी माकडांना द्या, ती पूल बांधून देतात आणि एक काठी मागे ठेवून जातात. काठीने मोहोळ, मोहोळावरून अननस, अशी ही साखळी भिंगापर्यंत जाते, आणि त्या भिंगाने वाचनालयातलं बारीक अक्षरांचं एक पुस्तक वाचता येतं. शेवटची वाट त्या पुस्तकात आहे. म्हणजे वाचनालयाशिवाय खेळ जिंकणं महाकठीण. ज्याने हे योजलं त्याचा सत्कार आमच्या तालुक्यात व्हायला हवा. शिवाय या बेटावर एक दुकान आहे. दुकानदाराची नजर चुकवून माल पळवता येतो. पण मग त्यापुढे खेळातला प्रत्येक माणूस तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारत नाही, 'चोर' म्हणतो, अगदी शेवटपर्यंत. आणि पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलं तर मालक जागच्या जागी विजेने भाजून काढतो. एवढं कडक धोरण मलाही जमलेलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट मध्यावर कळते. एका देवळाच्या भिंतीवर कोरलेलं सापडतं की हे बेट म्हणजे त्या माशाचं स्वप्न आहे. मासा जागा झाला की बेट, गाव, मॅरिन, मगर, दुकानदार, सगळं पुसलं जाणार. राक्षस उगाच अडवत नव्हते. त्यांना नाहीसं व्हायचं नव्हतं. आणि पोराने तरी पुढे जायचं की नाही? दुकानाच्या पायरीवर बसून खेळणाऱ्या पोरांचं इथे जोरदार भांडण झालं. एक म्हणाला, "काका, इथंच बंद करू, मॅरिन मरते ना मग." दुसरा म्हणाला, "झोपलेलं कधी ना कधी उठतंच." बंदुकीच्या खेळावर त्यांचं भांडण होतं ते कोणाची रँक मोठी यावरून. पायरीवर का बसले, तर त्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, उन्हाकडे तोंड करावं लागतं. रात्री पांघरुणात लपून हा खेळ खेळताच येत नाही. कोणत्याही पालकसभेच्या ठरावापेक्षा ही युक्ती बरी.

अडचण भाषेची आली. खेळात वाचायला पुष्कळ आणि सगळं इंग्रजी. मूळ जपानी, मग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशी ही गोष्ट युरोपभर गेली, पण माणिकगडाच्या डोंगरावर ती मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगावी लागली, आणि मी सांगितलेलं एका कोलाम पोराने आपल्या धाकट्या भावाला कोलामीत सांगितलं. आमच्याकडे हे रोजचंच. राजुऱ्याचा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, 1956 ला नांदेडला जोडला, 1959 ला चांद्याला आला. गोंड आणि कोलाम इथले मूळचे. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात लातूरकडून पहाडावर चढले, तसे मराठवाड्यातले हजारो लोक आले. तेलंगणाच्या सीमेवरच्या चौदा गावांवर तर अजून दोन राज्यं हक्क सांगतात. तिथे मराठी शाळाही आहे, तेलुगूही, आणि कित्येकांच्या खिशात दोन-दोन राज्यांची ओळखपत्रं. त्या पोरांना नकाशा कोरा कसा असतो हे समजावून सांगायला नको.

मला खरं बोलायचंय ते यापुढचं. पाटणकडचे एक परधान आजोबा रेडिओ घेऊन माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, किंगरीवर देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगणारे. ते पोरांच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मी त्यांना गोष्ट सांगितली : वाद्यं वाजवायची, मग अंडं फुटतं. ते म्हणाले, "आमची गुफा अशीच उघडली." आणि खरंच की! गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची कथा इकडे सगळ्यांना माहीत आहे. गुहेत कोंडलेली मुलं, तोंडाशी मोठा धोंडा, हिरासुका पाटालीर किंगरी वाजवतो आणि धोंडा सरकतो. हिरासुका मात्र त्याच धोंड्याखाली जातो, असं सांगतात. माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. आमच्या सीमेवरच्या डोंगरात महाराजगुड्याजवळ जंगुबाईची गुहा आहे, तिथे पौषात दोन्ही राज्यांतून माणसं येतात.

गोंड ज्यांना पूजतात त्या पहांदी पारी कुपार लिंगोंची कथा नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने लिहून घेतली होती. तो वारल्यावर 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने ती छापली. त्या पाठात काय आहे बघा. गोंडांना महादेवाने गुहेत कोंडलंय. सुटका हवी तर समुद्राकाठच्या बिंदो पक्ष्याची पिल्लं आण, अशी अट. लिंगो समुद्रापर्यंत चालत जातात. पिल्लं घरट्यात एकटीच सापडतात. उचलून न्यायला कोणी अडवत नाही, पण लिंगो थांबतात : आईबाप नसताना नेली तर मला चोर म्हणतील. मग समुद्रातून भला मोठा नाग पिल्लं खायला येतो, लिंगो त्याला बाणांनी मारतात, आणि परत आलेले पक्षी आपण होऊन पिल्लांसह लिंगोंना उडवत घेऊन जातात. पुढे पूर येतो, कासव आणि मगर पाठीवर घेतात. तरुण नायक, समुद्र, नाग, महाकाय पक्षी, बंद गुहा आणि उघडणारं वाद्य. क्योतोतल्या लोकांनी जे बसून रचलं ते इथे गायलं जात होतं. झेल्डाचा कर्ता शिगेरू मियामोतो याला तरी पहिली कल्पना कुठून सुचली? क्योतोजवळच्या सोनोबे गावात लहानपणी डोंगर हिंडताना एक गुहा सापडली, त्यातून. आमच्या पोरांना गुहा सापडायला कुठे जावं लागत नाही. त्यावरचा खेळ तेवढा कोणी केलेला नाही.

होत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 च्या ऑगस्टमध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' काढला, तोही आधी निन्टेन्डोच्याच हातात धरायच्या स्विचवर. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट, आणि तिला शेवट आहे. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी ते अडून बसले आणि खेळ पुरा केला. त्याच्याही आधी, 2014 मध्ये, अलास्काच्या इन्युपियाक समाजाचा 'नेव्हर अलोन' आला. नूना नावाची मुलगी आणि तिचा पांढरा कोल्हा. कथन सगळं इन्युपियाक भाषेत, खाली इंग्रजी अक्षरं. तो खेळ काढण्यात कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही अलास्कातल्या आदिवासींची स्वतःची संस्था भागीदार होती. ज्या कथाकाराची गोष्ट होती त्याच्या मुलीला आधी विचारलं, आणि खेळताना मधे मधे वडीलधाऱ्यांच्या बोलण्याच्या चित्रफिती उघडत जातात. 2023 मध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या लोकांनी 'चिआ' काढला. बेटावरची पोरगी बापाला सोडवायला निघते, हातात युकुलेली, तोंडी तिथली द्रेहू भाषा. द्रेहू बोलणारे किती? गोंडी बोलणारे त्यांच्या कितीतरी पट आहेत.

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगचं नवं धोरण मंजूर केलं, 3,268 कोटींचं. त्यातला बहुतेक पैसा मुंबई-पुण्यात जाणार, जाऊ दे. पण त्यातल्या एका खेळाचा पैसा चंद्रपूर-गडचिरोलीला मिळावा असं मी मागतो, आणि मागताना एक अट घालतो. लिंगो हे कोणाच्या खेळातलं पात्र नव्हेत, ते पूजले जातात. माझ्यासारख्या लातूरकडून आलेल्या घराण्यातल्या माणसाने ती कथा उचलून विकणं हे घरट्यात आईबाप नसताना पिल्लं नेणं झालं. तेव्हा स्टुडिओवाल्यांनी दोन दिवस कॅमेरा घेऊन कचारगडला यायचं, चार फोटो काढायचे आणि 'आदिवासी' नावाचं एक पान पार्श्वभूमीला चिकटवायचं, हे नको. काय दाखवायचं, काय दाखवायचंच नाही, हे गोंडांच्या आणि परधानांच्या जाणत्यांनी ठरवावं. भाषा आधी गोंडी आणि कोलामी, मग मराठी, तेलुगू. किंगरी खऱ्या हातांनी वाजवलेली हवी, आणि वाजवणाऱ्याचं नाव आणि मोबदला दोन्ही कागदावर हवेत.

यावर माझे एक शिक्षक मित्र म्हणाले, "पुन्हा पडदाच ना? कथा तोंडाने सांगू द्या की." तोंडाने सांगितलेल्याची सर पडद्याला नाही, हे मला मान्य आहे. पण सांगायला बसणाऱ्या आजोबांसमोर ऐकायला बसलेलं पोर मला दाखवा. ते माझ्या पायरीवर आहे, फोनमध्ये डोकं घालून. आजोबा तिथेच मागे येऊन उभे राहिले ते खेळात गोष्ट होती म्हणून. बंदुकीच्या खेळामागे ते कधी थांबले नाहीत. पोरानेही मान वळवून विचारलं, "मग पुढं काय झालं गुफेत?" रेडिओची दुरुस्ती त्या दिवशी लांबली.

धंद्याचं गणित विचाराल तर तेही सांगतो, ते मला कळतं. असा खेळ साध्या, दोन-तीन वर्षं जुन्या, स्वस्त फोनवर चालला पाहिजे. योकोईने सांगितलंय तसं. एकदा उतरवला की नेट नको, कारण घाट चढून वर आलं की नेट असलं तर असतं. जाहिरात नको, डायमंड नको, रोजची हजेरी नको. तीनशे रुपये एकदा घ्या आणि विषय संपवा. डायमंडमध्ये महिन्याला त्याहून जास्त घालवणारी घरं माझ्या वहीत आहेत. त्या बापांना मी तोंडावर सांगेन की हा खेळ पोराने पुरा केला की मागायला काही उरत नाही, आणि ते पैसे देतील.